लाल ते लालच

ऑफिसात तिला सगळे खुसपट म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. "टेस्टरला खुसपटं काढण्याचाच पगार मिळतो," ती म्हणायची, "मग नावाला कशाला लाजू?" नवं सॉफ्टवेअर समोर आलं की बाकीचे ते काय काय करतं ते बघत; ही ते कुठे फसतं ते बघायची. नावाच्या रकान्यात नुसते स्वल्पविराम भरायची, जन्मतारीख पुढच्या वर्षातली टाकायची, भांडून आलेल्या माणसासारखं एकच बटण खटाखट दाबत सुटायची. आणि कुठेतरी काहीतरी कोसळलं की तिच्या चेहऱ्यावर असं तृप्त हसू यायचं, की ज्याने तो कोड लिहिला त्याला भिंतीकडे तोंड करून बसावंसं वाटे.

हे ऑफिस एका मोठ्या शहराच्या ॲम्ब्युलन्स सेवेसाठी सॉफ्टवेअर बनवत होतं. कुणी मदतीसाठी फोन केला की कंट्रोल रूममधला ऑपरेटर पत्ता लिहून घेणार, आणि सॉफ्टवेअर जवळची मोकळी गाडी शोधून तिच्या ड्रायव्हरला निरोप धाडणार. ऐकायला एवढंच. पण यात चूक झाली तर काय होतं, हे शेंबड्या पोरालाही समजावून सांगायला नको.

असली कामं तपासायची खुसपटची स्वतःची एक तऱ्हा होती. आधीच्या नोकरीत ती आणि आणखी चार-पाच जणी रांगेत बसून दिवसभर तेच ते पत्ते टाइप करत, तीच ती बटणं दाबत. जेवणानंतर डोळे इतके जड व्हायचे की समोर चूक नाचत असली तरी दिसायची नाही. ती नोकरी सुटली आणि ही मिळायला वेळ लागला, त्या मधल्या दिवसांत तिने घरी बसून एक छोटं टूल लिहिलं. हे टूल माणसासारखं स्क्रीन उघडायचं, रकाने भरायचं, बटणं दाबायचं, आणि जे यायला हवं तेच आलं का ते बघायचं. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. न थकता, न जांभई देता. खडे तेवढे मागे राहतात म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं चाळण.

आणि मग चाळण तिने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. ओपन सोर्स. आतला कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. अट एकच, की बदललेलं पुढे कुणाला दिलंत तर तेही असंच उघडं द्यायचं.

"फुकट?" सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "कुणी मागितली होती का तुझ्याकडे?"

"मी ती ज्यांच्यावर उभी केली ती टूल्सही मला कुणीतरी फुकटच दिली होती ना, आई."

सासूबाई आयुष्यभर सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवत आल्या होत्या. तिथे ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या कानात कुजबुजल्या तरी शेजाऱ्यांना ऐकू जाई. त्यांनी जरा विचार केला आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे तलावासारखं म्हण की. पाणी सगळ्यांचं, फक्त कुणी बादल्या भरून घरी न्यायच्या नाहीत."

खुसपटचा नवरा जहाजावर होता. वर्षातले बरेच महिने तो फोनच्या पडद्यावरच भेटायचा. त्यामुळे घरात या दोघीच. दोघींचं पटायचं, कारण दोघींनाही गप्प बसता यायचं नाही.

चाळण हळूहळू पसरली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती वापरू लागले, दुरुस्त्या पाठवू लागले. त्यांत एक होता घुबड. होता की होती, हेही खुसपटला ठाऊक नव्हतं. इथे दिवस मावळला की तिकडून घुबडाचे निरोप सुरू होत. चाळणीतली एक फार उपयोगी सोय घुबडानेच लिहिली होती: एकच टेस्ट लागोपाठ शंभर वेळा चालवायची आणि कितीदा लाल आली ते सांगायचं. खुसपट नव्या ऑफिसात आली तेव्हा तिने चाळण बरोबर आणली. ऑफिसला फुकटात काम होतंय म्हटल्यावर कुणाची हरकत असणार?

हरकत आली ती नव्या साहेबांबरोबर.

नव्या साहेबांना आल्यापासून आठवड्यातच नाव पडलं, हिरवळ. माणूस गोड बोलायचा, शिपायालाही 'तुम्ही' म्हणायचा, कुणाचं मूल आजारी असलं तर आवर्जून विचारायचा. पण लाल रंग त्याला सोसायचा नाही. वरच्या लोकांना दर आठवड्याला अहवाल जायचा, आणि त्यात सगळं हिरवं दिसायला हवं होतं. त्याने एका कंपनीकडून महागडं टेस्टिंगचं टूल विकत घेतलं आणि दारातून आत येताच दिसेल असा भला मोठा टीव्ही भिंतीवर लावला. त्यावर ऑफिसातल्या सगळ्या टेस्ट चौकोनाचौकोनांत दिसत. पाहुणे आले की थबकून बघत. शेतच जणू.

खुसपटने तो टीव्ही बघितला आणि तिला खटकलं. चाळणीत एक टेस्ट कधीकधी लाल यायची. इथे तीच टेस्ट कायम हिरवी.

टेस्ट अशी होती: एकाच इमारतीतल्या दोन घरांतून दोन वेगळी माणसं एकाच वेळी फोन करतात, आणि दोन ऑपरेटर एकाच क्षणी 'नोंदवा'चं बटण दाबतात. दोन रुग्ण, दोन कॉल, दोन गाड्या. बहुतेक वेळा व्हायचंही तसंच. पण दहा-बारा वेळांत एखाद्या वेळी दोनातला एक कॉल नाहीसा व्हायचा. चूक नाही, सूचना नाही, काही नाही. जणू त्या माणसाने फोन केलाच नव्हता.

तिने नव्या टूलच्या सेटिंगा उघडून पाहिल्या आणि गोम सापडली. टेस्ट लाल आली तर ते टूल ती गुपचूप पुन्हा चालवायचं, मग आणखी एकदा. त्यात एकदा जरी जमलं, तरी हिरवं.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"सर, ती दोन कॉलची टेस्ट लाल आहे."

साहेबांनी काचेतून टीव्हीकडे बोट केलं. "हिरवी दिसतेय की."

"तीन वेळा विचारून एकदा हो म्हणाली म्हणून हिरवी दिसतेय."

"अहो, अशा टेस्टना लहरी टेस्ट म्हणतात," साहेब समजुतीने म्हणाले. "नेटवर्क हळू असतं, मशीनवर ताण असतो, कधी लाल येतात, कधी हिरव्या. जगभर हाच प्रकार. म्हणून तर चांगल्या टूलमध्ये पुन्हा चालवायची सोय असते."

"असतात तशा टेस्ट. मीही लिहिल्यात, आणि दुरुस्तही केल्यात. पण ही तसली नाही. टेस्ट लहरी नाही सर, आपलं सॉफ्टवेअर लहरी आहे. टेस्ट बिचारी दर वेळी एकच प्रश्न विचारतेय. उत्तर बदलतंय ते आपलं."

"म्हणजे कॉल खरंच हरवतो असं तुम्हाला म्हणायचंय?"

"मला नाही म्हणायचं. ते दिसतंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "महिनाअखेरीला सॉफ्टवेअर कंट्रोल रूमच्या ताब्यात द्यायचंय. आता हा कोड उकरायला घेतला तर केव्हा संपेल? क्वचित होणारी गोष्ट आहे. पुढच्या आवृत्तीत बघू."

"क्वचित म्हणजे कुणाच्या घरी, सर?"

साहेबांनी फोन उचलला आणि दुसरं काम सुरू केलं.

तो कोड ज्याने लिहिला होता त्या प्रोग्रामरला ऑफिसात होयबा म्हणत. हुशार पोरगा, पण कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिभेला माहीत नव्हतं. खुसपटने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"तुला ठाऊक आहे ना काय होतंय ते?"

"हो." त्याने कपातला चहा नुसता ढवळला. "दोघांनी एका श्वासात बटण दाबलं की दोन्ही कॉल एकाच जागी लिहिले जातात. मागून येणारा पुढच्याला पुसतो."

"मग सांग ना साहेबांना!"

"सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत. मी म्हटलं, हो."

"धन्य आहेस."

"खुसपट, तुला सोपं आहे," तो पहिल्यांदाच जरा चिडून म्हणाला. "तू चूक दाखवतेस आणि निघून जातेस. आम्हाला ती पोटात घेऊन बसावं लागतं." मग लगेच म्हणाला, "सॉरी."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सगळ्या टेस्ट व्यवस्थित पार पडल्याच्या दाखल्यावर सही करायला साहेबांनी तिला बोलावलं. तिने सही केली नाही. आरडाओरडा नाही, भाषण नाही, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ती एक टेस्ट सोडून बाकीच्यांवर करते." तसा दाखला साहेबांच्या काही कामाचा नव्हता. त्यांनी स्वतःच सही ठोकली, आणि दुसऱ्या दिवसापासून खुसपटची बदली दुसऱ्या कामावर झाली. गाड्या पार्क करायला मोकळी जागा शोधून देणारं ॲप होतं ते. त्याच मजल्यावर, पण जिन्याखाली, जिथून टीव्ही दिसत नसे.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात," त्या संध्याकाळी सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. खुसपटला वाटलं, आता उपदेश येणार. पण सासूबाईंनी एक शेंग फटकन मोडली. "मी चाळीस वर्षं पाण्यात होते. काही मासे भांडल्याशिवाय बाजूला होत नाहीत."

"नोकरी जाईल, आई."

"जाईल तर जाईल. तो तिकडे समुद्रात कमावतोय, मला पेन्शन आहे. उपाशी नाही राहायचो." आणि मग जरा हळू, म्हणजे फक्त वरच्या मजल्याला ऐकू जाईल इतपत, "भीती वाटतेय का गं?"

"वाटतेय."

"वाटू दे. खोल पाण्याला न भिणारी पोरंच आधी बुडतात."

सॉफ्टवेअर तपासून घेण्यासाठी कंट्रोल रूमकडे गेलं. करार असा होता की सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या टेस्टही द्यायच्या. सुरुवातीपासून त्या चाळणीवर लिहिलेल्या, त्यामुळे तशाच गेल्या. साहेबांच्या हे ध्यानातच आलं नाही. महागड्या टूलचं लायसन्स कंट्रोल रूमकडे नव्हतं, पण चाळण घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिथल्या तंत्रज्ञाने ती उतरवून घेतली आणि टेस्ट चालवल्या. मग चाळणीच्या सार्वजनिक पानावर, जिथे कुणीही अडचण विचारावी आणि कुणीही उत्तर द्यावं, तिथे त्याने साधाच प्रश्न टाकला: एकाच वेळी दोन नोंदी करणारी आमची एक टेस्ट कधी लाल येते, कधी हिरवी. हा टूलचा दोष समजायचा का?

कंपनीचं नाव नाही, शहराचं नाव नाही. पण खुसपटने वाचलं आणि तिला कळलं. तिच्याआधी घुबडाने वाचलं होतं, आणि विचारलंही होतं, 'शंभर वेळा चालवून किती लाल येतात ते सांगा.'

तंत्रज्ञाने सावधपणे तोच प्रश्न साहेबांच्या ऑफिसलाही मेलने पाठवला होता. त्यामुळे सकाळी खुसपट जिन्याखाली पोचते न पोचते तोच तिला बोलावणं आलं. खोलीत होयबा आधीच उभा होता, मान खाली घालून.

"बसा," साहेब म्हणाले. "ही चाळण तुमची ना? तिथे उत्तर टाका. लिहा की टूलमध्ये एक जुना दोष आहे, त्यामुळे असं होतं, लक्ष देऊ नका."

"पण दोष टूलमध्ये नाही."

"असेलही कदाचित. शंभर टक्के कोण सांगणार?"

"मी सांगते. हाही सांगेल." तिने होयबाकडे पाहिलं. होयबाने गालिच्याकडे पाहिलं.

"सर, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं झालं हे. शिवाय ते टूल किती जण वापरतात! मी खोटं लिहिलं तर उद्या ज्याची ज्याची टेस्ट लाल येईल तो म्हणेल, चाळणीचाच दोष असेल, सोडून द्या. कुणाकुणाचं काय काय सुटेल त्यात!"

साहेबांचा गोडवा पहिल्यांदा ओसरला. "मग तो प्रश्नच काढून टाका. आणि एक सांगतो, तुम्ही आमच्या नोकर आहात, तेव्हा चाळणीवर कंपनीचा हक्क आहे. आजच तिचा ताबा कंपनीकडे द्या."

"मी इथे येण्याआधी लिहिलीये ती."

"नंतरही बदल केलेत. इथल्या वेळेत."

"केलेत. घुबडाने केलेत, आणखी पन्नास जणांनी केलेत. सर, ती माझीसुद्धा नाही. माझी नाही ती तुम्हाला कुठून देऊ?"

"घुबड?"

"आहे एक."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. काचेपलीकडे टीव्हीवर सगळं हिरवं होतं, आणि दोन नवे पाहुणे तोंडाचा आ करून ते बघत होते. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्याही मानेवर सुरी आहे हो. तुम्हाला काय वाटतं, मला झोप येते?"

आणि खुसपटला त्यांची खरोखर दया आली. क्षणभर वाटलं, लिहावं दोन गोलमाल ओळी, सुटावं यातून. माणूस वाईट नाही. पण ती दया येता येता तिला त्या न दिसणाऱ्या दुसऱ्या कॉलची आठवण झाली. फोन कानाला लावून, गाडी येतेय असं समजून दारात उभं राहिलेलं कुणीतरी.

तिने मांडीवरचा लॅपटॉप उघडला. "उत्तर लिहा म्हणालात ना? लिहिते." आणि साहेबांसमोरच, वाचत वाचत, टाइप केलं: "टूल बरोबर आहे. टेस्टचं वर्णन बरोबर असेल तर टेस्टही बरोबर आहे. दहा वेळा हिरवी येऊन एकदा लाल आली तर तिला लालच समजा. माझ्या शब्दावर जाऊ नका. चाळणीचा कोड उघडा आहे, वाचा, आणि शंभर वेळा चालवून स्वतः बघा."

"पाठवू नका," साहेब म्हणाले.

तिने पाठवलं.

"पुसा ते. आत्ताच्या आत्ता."

"पुसता येईल. पण ज्यांना जायचं होतं त्यांना ते गेलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, सर? आणि मी तुमच्या कंपनीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. माझ्या टूलबद्दल मला विचारलं, मी सांगितलं."

दुपारच्या आत तिची नोकरी गेली. टेबलावरचा मग, शाल आणि एक कुंडी घेऊन ती बाहेर पडली तेव्हा कुणी मान वर केली नाही. फक्त लिफ्टपाशी होयबा धावत आला, कुंडी तिच्या हातातून घेतली, खाली फाटकापर्यंत नेऊन दिली, आणि परत गेला.

घरी तिने सांगितलं तशा सासूबाई उठल्या, दार उघडलं आणि जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या सुनेने आज साहेबाला तोंडावर नाही म्हटलं!" कुणी विचारलंही नव्हतं. शेजारची बाई पटकन आत गेली. खुसपट हसायला लागली, आणि हसता हसता रडली. दोन्ही एकाच वेळी आवरेना.

तीन-चार दिवसांनी कंट्रोल रूमच्या प्रमुख बाईंचा फोन आला. चाळण लिहिणारी तीच ना, एवढं विचारून त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअरवाले सांगतात तुमचं टूल सदोष आहे. तुम्ही सांगता नाही. मी दोघांनाही ओळखत नाही. माझ्यासमोर बसा आणि काय ते ठरवा."

कंट्रोल रूम म्हणजे एक लांबट, बिनखिडक्यांची खोली. ऑपरेटरांची रांग, प्रत्येकापुढे दोन स्क्रीन, कानावर हेडफोन. तिकडे खरं काम चाललेलं, आणि कोपऱ्यात शिकाऊ लोकांसाठी ठेवलेल्या दोन मशीन, त्यांवर नवं सॉफ्टवेअर. साहेब आणि होयबा आधीच आलेले. प्रमुख बाई आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा तंत्रज्ञ लाजरा, खुसपटला बघून तो म्हणाला, "तुम्हीच का?" आणि लाल झाला.

साहेबांनी सुरुवात केली. फुकटातलं टूल, कुणीही यावं आणि कोड घुसडावा, जबाबदार कुणी नाही. याउलट आमचं टूल नावाजलेलं, त्यावर सगळं हिरवं. त्यांनी छापून आणलेली रंगीत पानं पुढे केली.

"यात ती टेस्ट किती वेळा चालवली?" बाईंनी विचारलं.

"ते टूल आतल्या आत ठरवतं."

"आत काय होतं ते मला बघता येईल?"

"तसं उघडून दाखवता येत नाही. ते कंपनीचं गुपित असतं."

बाई खुसपटकडे वळल्या. ती घरून निघताना चाळणीचे आकडे, आलेख, घुबडाचं म्हणणं, सगळं तयार करून आली होती. पण त्या खोलीतले हेडफोन लावलेले लोक बघून तिला ते सगळं फिजूल वाटलं.

"टूल बाजूला ठेवू," ती म्हणाली. "माझंही आणि त्यांचंही. मला दोन ऑपरेटर द्या."

बाईंनी रांगेतून दोघींना उठवलं. एक तरुण, दुसरी केस पिकलेली, बोटं मात्र विजेसारखी. दोघी शिकाऊ मशीनवर बसल्या. एकीला वरच्या मजल्याचा पत्ता दिला, दुसरीला त्याच इमारतीतला खालचा. खुसपट म्हणाली, "मी हाताने टेबलावर थाप मारली की दोघींनी एकदम 'नोंदवा' दाबायचं."

थाप. दोन्ही कॉल आले. परत थाप. दोन्ही आले. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. दर वेळी दोन्ही. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. तंत्रज्ञ अस्वस्थ झाला. खुसपट थापा मारत राहिली. हेच काम करून करून डोळे मिटायचे म्हणून तर एकेकाळी तिने टूल लिहिलं होतं. आज ती तेच पुन्हा हाताने करत बसली होती.

"आणखी किती वेळ?" साहेब म्हणाले.

"हरवेपर्यंत."

थाप. केस पिकलेल्या ऑपरेटरने स्क्रीनकडे पाहिलं, मग शेजारणीच्या स्क्रीनकडे. "माझा कॉल कुठे गेला?"

तिने यादी खालीवर केली. "वरच्या मजल्याचा आहे. माझा नाही. मी दाबलं होतं. मला 'नोंद झाली' असं आलंसुद्धा." ती आता साहेबांकडे बघत होती. "म्हणजे मी त्या माणसाला सांगणार, गाडी निघालीये, थांबा. आणि गाडी निघालेलीच नसणार?"

"हे क्वचितच…" साहेब म्हणाले, आणि होयबाकडे वळले. "यांना सांग जरा तांत्रिक बाजू. मशीनचा ताण वगैरे असू शकतो ना?"

सगळ्यांनी होयबाकडे पाहिलं. त्याचं सवयीचं उत्तर साहेबांना आणि खुसपटला पाठ होतं. त्याचे ओठ हललेही. पण शब्द काही बाहेर आला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्यापुरतं तेच फार मोठं 'नाही' होतं.

केस पिकलेल्या बाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, या सॉफ्टवेअरवर मी बसायची नाही. काय करायचं ते करा."

"मीही नाही," तरुणी म्हणाली.

बाईंनी रंगीत पानं गोळा केली आणि साहेबांच्या हातात परत दिली. "ही टेस्ट शंभरातून शंभर वेळा हिरवी आली की या. पुन्हा न चालवता. आणि मोजू आम्ही, आमच्या इथे, ज्या टूलच्या आत आम्हाला बघता येतं त्या टूलवर."

दुरुस्तीला होयबाला किती वेळ लागला असेल? एक आठवडाही नाही. सॉफ्टवेअर उशिराने का होईना, पण ताब्यात गेलं, आणि तंत्रज्ञाने चाळणीच्या पानावर लिहिलं, 'आता नेहमी हिरवी. आभार.' खाली घुबडाने नुसता डोळा मारला.

त्यानंतर साहेबांचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. "झालं गेलं विसरून जाऊ. परत या. पगारही वाढवून घेतो. चाळणही आपण मोठी करू. फक्त नाव कंपनीचं लावू, आणि कोड तेवढा बंद करू."

"नाही," खुसपट म्हणाली.

"विचार तरी करा."

"केला, सर. टीव्ही उतरवलात का?"

टीव्ही होता तिथेच होता. तिने फोन ठेवला.

नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. तिची गोष्ट तिच्या आधीच सगळीकडे पोचायची. एका ठिकाणी तिला विचारलं, आधीची का सोडली? तिने खरं ते सांगितलं, आणि त्यांनी 'कळवतो' म्हणून कधी कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणारा मोकळेपणाने म्हणाला, "बाई, तुमचं काम चांगलं आहे, पण तुम्ही कटकटी आहात." "दोन्ही एकच असतं," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. घरी सासूबाई रोज म्हणायच्या, "आज कुणाला बुडवून आलीस?" नवऱ्याने जहाजावरून सांगितलं, तू माघार घेतलीस तर मी आईला तोंड दाखवू शकणार नाही. खुसपट चाळणीवर काम करत राहिली. काही दिवस तर फार वाईट गेले. सकाळी उठून कुठे जायचं नाही, याची तिला सवय नव्हती.

मग एका छोट्या ऑफिसात बोलावणं आलं. दवाखान्यांतल्या रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर करायचे ते. तिघं जण टेबलापलीकडे बसले होते. त्यांतल्या मोठ्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "समजा काम द्यायची घाई आहे, सगळे तुमच्यावर डोळे लावून आहेत, आणि एक टेस्ट कधी लाल, कधी हिरवी येतेय. काय कराल?"

"लाल म्हणेन."

"आणि आम्ही म्हटलं, हिरवी म्हणा?"

"मग तुम्ही म्हणा. मी लालच म्हणेन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर खुसपटला आता ओळखीची झाली होती; तिला वाटलं, संपलं इथलंही. मग वाटलं, संपलंच आहे तर निदान बोलून तरी जाऊ. तिने लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे फिरवला.

"तुमचं जे पान सगळ्यांना उघडं आहे, रक्तदात्यांनी नाव नोंदवायचं, ते मी काल चाळणीतून काढलं. दोन ठिकाणी लाल आलंय. दाखवू?"

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "कुठे कुठे?"